व्हाया ग्वांगजू

फर्गस लौरीला कोरियन भाषा उत्तम येते ही गोष्ट देजॉन शहरात फक्त एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस म्हणजे स्वतः फर्गस लौरी. बाकीच्या जनतेपर्यंत ही बातमी अजून पोचायची होती. तो दुकानात जाऊन मोठ्या ऐटीत मुळा मागायचा, दुकानदारीण त्याच्या तोंडाकडे जरा वेळ बघून त्याला साबणाची वडी द्यायची, आणि हा गृहस्थ ती घेऊन घरी यायचा. वर म्हणायचा, "साबण तसाही संपतच आला होता." चूक झाली असं कबूल करण्यापेक्षा घरात साबणाचं गोदाम करणं त्याला जास्त सोयीचं वाटे.

मूळचा हा स्कॉटलंडातल्या इन्व्हर्नेसचा. चाळिशी नुकतीच ओलांडलेली, केस तांबूस आणि परतीच्या वाटेला लागलेले. देजॉनमधल्या एका खासगी क्लासात तो शाळा सुटल्यावर पेंगत येणाऱ्या पोरांना इंग्रजी शिकवत असे. त्याच क्लासच्या ऑफिसात प्यो मिरान बसायची. फीच्या पावत्यांपासून पालकांच्या भांडणांपर्यंत सगळं तीच निस्तरायची, आणि गेली दोन वर्षं ती फर्गसलाही निस्तरत होती. थोडक्यात, दोघांचं जमलं होतं. आता ते मिरानच्या आईवडिलांना जमायला हवं होतं.

आईवडील राहायचे गोंगजूला. देजॉनहून बसनं तासाभराचं गाव. वडील शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवून निवृत्त झालेले. अख्खं गाव त्यांना प्यो सर म्हणायचं.

"एकटा येऊ नकोस," मिराननं बजावलं. "एकटा आलास की तो मुलगा दाखवण्याचा कार्यक्रम होतो. मग बाबा तोंडातून शब्द काढायचे नाहीत. मित्रांबरोबर सहलीला म्हणून ये. किल्ला बघा, राजांच्या समाध्या बघा, आणि दुपारी 'अरेच्चा, मिरानचं घर इथंच की' असं म्हणत जेवायला डोकवा. सगळं कसं सहज झालं पाहिजे."

हे सहज व्हावं म्हणून मिरानची आई गुरुवारपासून स्वयंपाकघरात उभी होती आणि मिरान आदल्या दिवशीच गोंगजूला जाऊन बसली होती.

आता सहलीला मित्र हवेत. एक होता डग, त्याच क्लासात शिकवणारा, मिनेसोटाचा सहा फुटी अमेरिकन. जगातल्या कुठल्याही स्थळाबद्दल त्याला एकच प्रश्न पडे: तिथं खायला काय मिळतं? गोंगजूला चेस्टनट मिळतात म्हटल्यावर त्याला राजांच्या समाध्यांबद्दलही आदर वाटायला लागला. दुसरी मारिसोल, फिलिपिन्सची, देजॉनच्या एका प्रयोगशाळेत काम करणारी. ती नऊ वर्षं इथं राहून अशी कोरियन बोलायची की फोनवर पलीकडच्या माणसाला ती शेजारच्याच गल्लीतली वाटावी. तिच्याबद्दल फर्गसचं मत असं होतं, की व्याकरण ठीक आहे, पण उच्चारांत जीव नाही.

फर्गसनं आदल्या संध्याकाळी सूट इस्त्रीला काढला, आणि दारात घरमालकीण बांग आजी उभी राहिली. या देशातल्या घरमालकिणींना भाडेकरूच्या इस्त्रीचा वास जिन्यातून येतो.

"पोगस, कुठं चाललास?" कोरियन जिभेला फ वळत नाही, तेव्हा या देशात तो पोगस होता. या एका बाबतीत मात्र त्यानं हार मानली होती.

"मित्रांबरोबर सहलीला, आजी. गोंगजूचा किल्ला बघायला."

"मग सूट कशाला? किल्ल्याला मुलगी आहे का?"

फर्गसचे कान लाल झाले. आजीला तेवढं पुरलं. "सासरा काय करतो? मास्तर? मग दारू नेऊ नकोस, मास्तर लोक लोकांसमोर पीत नाहीत. मांस नेऊ नकोस, वाटेत खराब होईल. नासपती ने. माझ्या भाचीचं दुकान आहे. थांब, मीच सांगते तिला."

तासाभरात नासपतींची पेटी घरात आली. एकेक फळ तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढं, वर जाळीदार टोपडं घातलेलं. आजीनं पेटी गुलाबी रेशमी कापडात बांधली आणि वर कमळासारखी गाठ मारली. "ही गाठ तू सोडायची नाहीस. सासूनं सोडायची. आणि पेटी खाली ठेवायची नाही. नवऱ्यामुलानं सासरचं ओझं जमिनीवर टेकवलं की संपलं." हा रिवाज कोरियात कुठेही नसावा, आजीला तो जिन्यातच सुचला असणार. पण फर्गसला कोरियन संस्कृतीचं सखोल ज्ञान असल्यामुळे त्यानं तो ताबडतोब मान्य केला.

शनिवारी सकाळी तिघं बस स्टँडवर जमले. फर्गस सुटात, हातात हनुवटीपर्यंत येणारी पेटी. डग अर्ध्या चड्डीत, हातात उकडलेल्या अंड्यांची पिशवी. मारिसोल प्रयोगशाळेतली रात्रपाळी संपवून थेट आलेली, एक डोळा झोपलेला आणि दुसरा त्याच्या वाटेवर.

तिकिटं मशीनमधून निघत होती. फोनवरून निघत होती. पण मशीनशी बोलून कधी कुणाचा मान वाढलाय? फर्गस थेट खिडकीपाशी गेला. त्यानं नुकतंच कुठेतरी ऐकलं होतं, की कोरियन 'ओ' ओठांचा चंबू करून, घशाच्या तळातून, गोल काढायचा असतो. त्याप्रमाणे त्यानं घशाच्या तळातून 'गोंगजू' काढलं. ते बाहेर पडेपर्यंत वाटेत त्याला बरंच काही चिकटलं.

"ग्वांगजू, तीन?" खिडकीतल्या मुलीनं विचारलं.

"बरोब्बर!" फर्गस म्हणाला.

"फर्गस," मागून मारिसोल जांभई देत म्हणाली, "ती ग्वांगजू म्हणाली बहुतेक."

"ती काय म्हणाली याला महत्त्व नाही, मारिसोल. मी काय म्हणालो याला आहे."

"तिकीट बघून तर घे."

"माझे हात अडकलेत आणि गाडी सुटतेय. कृपा करून इथं तरी मला शिकवू नकोस!"

मारिसोलनं खांदे उडवले. तिकिटं डगनं घेतली, आणि डगला कोरियन अक्षरं म्हणजे भिंतीवरची नक्षी. फर्गसला पेटीपलीकडचं काही दिसत नव्हतं, त्यामुळे गाडीच्या कपाळावरची पाटी त्यानं वाचली नाही. मारिसोल तर सीटला पाठ लागताक्षणी गेली. अशा रीतीनं एक ज्ञानी, एक निरक्षर आणि एक निद्रिस्त असे तीन प्रवासी मार्गस्थ झाले.

फर्गस खुशीत होता. मांडीवर पेटी ठेवून तो डगला गोंगजूच्या जुन्या राजांचा इतिहास सांगत होता. डग अंडी सोलत होता. एका राजाला एक अंडं, असा साधारण वेग होता. तास झाला, सव्वा तास झाला, राजे संपत आले, आणि हायवेवर एक भलीमोठी हिरवी पाटी आली.

"ते काय लिहिलंय?" डगनं विचारलं.

"जॉन्जू."

"तिथंच चाललोय ना आपण?"

"छे रे. आपलं गोंगजू. इथं पुष्कळ गावांच्या शेवटी जू असतं. जॉन्जू तर पार दक्षिणेला..." फर्गस एकदम थांबला. त्यानं डगच्या खिशातून डोकावणारं तिकीट हळूच वर ओढलं.

कोरियन लिपीत 'गोंग' आणि 'ग्वांग' यांच्यात फरक किती? एक उभी काडी आणि तिला चिकटलेली एक बारकी आडवी काडी. बस्स. नखाएवढ्या त्या दोन काड्यांसाठी गाडी ताशी शंभरनं उलट्या दिशेला धावत होती. मराठी वाचकाला अंदाज यावा म्हणून सांगायचं तर पुण्याहून लोणावळ्याला निघालेला माणूस सोलापूरच्या अलीकडे जागा झाला होता.

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? ड्रायव्हरला विचारलं असतं, मैत्रिणीला हलवलं असतं, घरी फोन केला असता. फर्गसनं डगकडून एक अंडं मागून घेतलं आणि ते सावकाश चावत खिडकीबाहेर बघत राहिला. गाडी चालू आहे तोवर ती कुठंही वळू शकते, अशी त्याला आशा होती. गाडी वळली नाही.

ग्वांगजूचा बस स्टँड म्हणजे एक छोटं शहरच. काचेच्या भिंती, सरकते जिने, पुस्तकांचं दुकान, कपड्यांचं दुकान, खाण्याची तर रांगच.

"तू तर म्हणाला होतास गाव लहानसं आहे," डग म्हणाला.

"वाढलंय."

"आणि किल्ला?"

"मागच्या बाजूला."

मारिसोल डोळे चोळत गाडीतून उतरली. तिनं वर पाटीकडे पाहिलं, मग फर्गसकडे पाहिलं, मग पुन्हा पाटीकडे.

"फर्गस, आपण ग्वांगजूत का आहोत?"

"मी मुद्दाम हा रस्ता घेतला. व्हाया."

"देजॉनहून गोंगजूला? व्हाया ग्वांगजू?"

"निसर्ग चांगला आहे इकडचा."

यावर मारिसोल काय बोलणार होती हे जगाला कळलं नाही, कारण तेवढ्यात फर्गसचा फोन वाजला. मिरान.

"कुठवर आलात? आम्ही स्टँडवर आलोय. बाबा म्हणाले, सहज फिरत जाऊ. सकाळपासून इथं सहज उभे आहेत."

"आलोच! जरा ट्रॅफिक आहे."

"थांब, बाबांना बोलायचंय."

गोंगजूकडची माणसं सावकाश बोलतात. दोन शब्दांच्या मधे तुम्ही चहा करून पिऊ शकता. त्यात हे भूगोलाचे शिक्षक.

"हं... पोगस ना?... खिडकीतून काय दिसतंय?"

"डोंगर, सर."

"डोंगर... हं. कोरियात असतात खरे... नदी दिसते?"

"दिसते, सर."

"कुठल्या हाताला?"

फर्गसनं उजवीकडे पाहिलं. तिथं एक बाई तळणीतून भजी काढत होती. "उजव्या."

"उजव्या... हं. पाणी तुमच्या दिशेनं वाहतंय, की उलट?"

फर्गसच्या कपाळावरून घाम निघून डोळ्यांत उतरला. "थोडं थोडं दोन्ही, सर."

मग प्यो सर म्हणाले, "पूल लागला का?"

"आत्ता पुलावरच आहोत, सर!"

आणि त्याच क्षणी डोक्यावरच्या कर्ण्यातून एक गोड आवाज अख्ख्या इमारतीत घुमला, "मोक्पोला जाणाऱ्या प्रवाशांनी कृपया गाडीत बसून घ्यावं."

"हं..." प्यो सर म्हणाले. "मोक्पोची गाडी पुलावर उभी आहे म्हणायची."

फोन मिराननं घेतला. तिचा आवाज फार शांत होता. पालकांशी भांडून झाल्यावर, फाईल बंद करताना तिचा असा आवाज व्हायचा. "फर्गस, एकदाच विचारते. कुठे आहेस?"

"ग्वांगजू."

"आईनं बरगड्यांचं कालवण तीनदा गरम केलंय. गावातल्या मावशीला, काकांना, सगळ्यांना सांगून झालंय. जेवणाची वेळ टळायच्या आत इथं दिसलास तर दिसलास. नाहीतर आज रात्री फोन करू नकोस. आणि सोमवारी क्लासात माझ्या टेबलाशी येऊ नकोस." फोन बंद.

पेटी धरून फर्गसचे दंड भरून आले होते. ती खाली ठेवायला तो अजूनही तयार नव्हता. एवढं सगळं बुडाल्यावर निदान एक रिवाज तरी पाळावा, असं त्याला वाटत असावं.

खिडकीत चौकशी केली. गोंगजूची थेट गाडी संध्याकाळी. देजॉनच्या गाड्या खच्चून भरलेल्या, कारण डोंगरावरची पानं लाल झाली होती आणि सगळा देश ती बघायला निघाला होता. टॅक्सीवाल्यानं आधी पोटभर हसून घेतलं आणि मग जो आकडा सांगितला तो ऐकून डगच्या हातातलं भजं खाली पडलं. डगच्या हातून अन्न पडलेलं पहिल्यांदाच दिसत होतं.

"तुम्ही दोघं इथून हलू नका," मारिसोल म्हणाली. "आणि तू, फर्गस, कुणाशी बोलू नकोस."

ती बाहेर गेली आणि थोड्या वेळानं धावत परत आली. "चला! बाहेर लग्नाच्या वऱ्हाडाची बस उभी आहे. नवरी इथली, नवरा गोंगजूचा. लग्न गोंगजूच्या हॉलमध्ये. जागा रिकाम्या आहेत. मी नवरीच्या मावशीला विचारलं."

"काय सांगितलंस त्यांना?"

"खरं."

"खरं? सगळं?"

"नदीसकट. त्या इतक्या हसल्या की नाही म्हणायला श्वासच उरला नाही."

बसमध्ये पाय ठेवताच टाळ्या झाल्या. नवरीच्या आत्या, मावश्या, माम्या, सगळ्या एकाच न्हाव्याकडून एकसारखे कुरळे केस करून आलेल्या, नटूनथटून बसल्या होत्या. नवरीची मोठी मावशी ही सर्वांची सेनापती. तिनं फर्गसला आपल्या शेजारी ओढून बसवला.

"आरं लेकरा, ह्योच का तो पुलावरचा? वय किती तुजं? बाप काय करतो? दात खरं हायती का?"

फर्गसनं चारही प्रश्नांची उत्तरं दिली. शेवटच्याची तपासणीही झाली.

"आन् ह्या पेटीत काय?"

"नासपती. सासूबाईंसाठी. ती गाठ त्यांनीच..."

"लांबचा पल्ला हाय, नरडं सुकलंय सगळ्यांचं," मावशी म्हणाली आणि कमळाची गाठ एका बोटानं सोडली. कुठूनतरी सुरी आली. टोपडी उतरली. फोडी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. एक फोड माणुसकी म्हणून फर्गसलाही मिळाली. डगला चार मिळाल्या; मावश्यांना खाणारा माणूस आवडतो.

"रडू नगंस," मोठी मावशी म्हणाली. "नासपती म्हंजे काय, पाण्याची पिशवी. तुला मी खरी भेट देते." आणि तिनं सीटखालून एक थर्माकोलचा डबा ओढला.

त्या डब्यात आंबवलेलं पाकट होतं. दक्षिणेकडच्या या मुलखात ते पानात नसलं तर लग्न लागलं असं कुणी मानत नाही. हा मासा आठवडेच्या आठवडे आंबवतात. त्याला वास येतो असं म्हणणं म्हणजे त्याचा अपमान आहे. तो नाकातून शिरतो, डोळ्यांतून पाणी काढतो आणि मेंदूत जाऊन जुन्या आठवणी पुसतो. मावशीनं डबा फर्गसच्या मांडीवर ठेवला. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. झाकण निघालं आणि त्यातला रस सुटाच्या पँटवर, जिथं सांडायला नको नेमका तिथं सांडला.

मग उपचार सुरू झाले. एका आत्यानं रुमालानं पुसलं, त्यामुळे जे एका जागी होतं ते सर्वत्र झालं. दुसरीनं अत्तर ओतलं. तिसरीनं, वास मारण्यासाठी म्हणून, गुडघेदुखीचा फवारा मारला. आता फर्गसच्या पँटला मासा, गुलाब आणि औषधाचं दुकान असे तीन वास येत होते आणि तिन्ही एकमेकांशी बोलत नव्हते.

त्यानंतर माईक फिरला. बसमध्ये बसलात तर गाणं म्हणावं लागतं, त्यात सूट नाही. फर्गसनं आपल्या गावाकडचं, समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईचं एक जुनं गाणं, त्याच्या मायबोलीत, डोळे मिटून म्हटलं. दोन मावश्यांनी डोळे पुसले.

"बघा," मोठी मावशी म्हणाली, "कोरियन बोलतो की झ्याक!"

मारिसोलनं मिरानला फोन करून हॉलचं नाव कळवलं. उरलेला वेळ तालीम. सासरा दिसला की हात पुढं करायचा नाही, मान तुकवून भागायचं नाही, तिथल्या तिथं जमिनीवर गुडघे टेकून, कपाळ हातांना लावून पूर्ण नमस्कार घालायचा. दोन सीटांमधल्या वाटेत फर्गसकडून तो पाचसहा वेळा घालून घेण्यात आला. प्रत्येक वळणावर तो एका बाजूला कलंडायचा, आणि बस म्हणायची, "पुन्हा!"

गोंगजूच्या लग्नाच्या हॉलपुढे बस थांबली. फाटकापाशी प्यो सर उभे होते. ठेंगणे, टोपी घातलेले, हात पाठीमागे. शेजारी मिरान. तिनं फर्गसला खाली उतरताना पाहिलं आणि तिचा हात आपोआप नाकाकडे गेला.

फर्गसनं पावलं मोजून टाकली, डबा डगच्या हातात दिला आणि गाड्यांच्या गर्दीत, भर डांबरावर, तो पूर्ण नमस्कार घातला. बसच्या खिडक्यांतून मावश्यांनी जयघोष केला. नवऱ्याकडच्या फोटोग्राफरला वाटलं हा कार्यक्रमाचा भाग आहे. त्यानं पटापट फोटो काढले. ते आजही कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममध्ये असतील.

प्यो सरांनी टोपी सारखी केली. "हं... उठा," ते म्हणाले. "गाड्या येतात इथं."

एवढ्यात मोठी मावशी खाली उतरून आली. "अवो दादा, ऐका माजं. पोरगं सरळ हाय. खोटं बोलायला बसतंय, पर जमत न्हाई बिचाऱ्याला. असला जावई सांभाळाय लई सोपा. आमच्या नशिबात सगळे हुशार आले!" आणि ती लग्नाला निघून गेली.

"हं," प्यो सर म्हणाले. "बघू."

मिरानचा चेहरा उतरला. गोंगजूच्या माणसाचा 'बघू' म्हणजे हो की नाही, हे कधीकधी त्याच्या बायकोलाही वर्षभरानं कळतं.

घरी मिरानच्या आईनं दार उघडलं, हसून स्वागत केलं, श्वास घेतला आणि हसू तसंच ठेवून फर्गसला न्हाणीघरात ढकललं. पँट अंगणातल्या दोरीवर गेली, पाकटाचा डबा कुंपणापलीकडे गेला, आणि फर्गसला प्यो सरांचा व्यायामाचा निळा पायजमा मिळाला. तो त्याच्या पोटऱ्यांपर्यंत आला. ज्या सुटाच्या घडीसाठी त्यानं आदली संध्याकाळ घालवली होती, त्याच्याऐवजी या वेशात तो भावी सासऱ्यासमोर मांडी घालून बसला. समोर छपरापर्यंत रचल्यासारखं जेवण. डगनं बरगड्या अशा भक्तिभावानं खाल्ल्या की मिरानच्या आईला तीनदा गरम केल्याचं सार्थक वाटलं. मारिसोलनं तिच्याशी लोणच्यांबद्दल गप्पा सुरू केल्या. जेवण संपत आल्यावर प्यो सर उठले, आतून एक कापडी नकाशा घेऊन आले आणि ताटल्या बाजूला सारून तो पसरला.

"गोंगजू," ते म्हणाले.

फर्गसनं बोट ठेवलं. बरोबर ठेवलं.

"ग्वांगजू."

तेही बरोबर.

"हं... म्हणजे माहीत आहे." प्यो सरांनी चष्मा काढला. "वाट चुकली हे कुठं कळलं?"

"जॉन्जूची पाटी दिसली तेव्हा, सर."

"तिथपासून ग्वांगजू पुष्कळ लांब... कुणाला विचारलं का नाही?"

फर्गसच्या ओठांवर दोनतीन उत्तरं आली. निसर्गाचं आलं, ट्रॅफिकचं आलं. मिरान त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता; ती नुसती वाट बघत होती. सकाळपासून ती वाटच बघत होती.

"लाज वाटली, सर," फर्गस म्हणाला. "इतकी वर्षं इथं राहून रस्ता विचारायचा, म्हणून."

हे वाक्य त्यानं घशाच्या तळातून काढलं नाही, चंबू केला नाही. ते घरातल्या सगळ्यांना पहिल्या फटक्यात समजलं.

प्यो सरांनी नकाशाची घडी घातली. घडी घालायला त्यांना बराच वेळ लागला. मग बरगडीचा एक मोठा तुकडा उचलून त्यांनी तो फर्गसच्या वाडग्यात ठेवला. "हं... खा. गार होतंय."

किल्ला बघायचा राहिला, समाध्याही राहिल्या. पँट वाळली नव्हती. संध्याकाळी प्यो सर आणि मिरान तिघांना घेऊन स्टँडवर आले. तिकिटं सरांनी स्वतः काढली, प्रत्येक तिकीट चष्म्याजवळ धरून वाचलं आणि मग मारिसोलच्या हातात दिलं. फर्गसच्या हातात नाही. आधी स्वतः गाडीत चढून ते ड्रायव्हरच्या कानाशी काहीतरी बोलले. मग खाली उतरून खिडकीपाशी आले.

"पुढच्या महिन्यात, तिसऱ्या शनिवारी, किमची घालायची आहे. कोबीचे गड्डे पुष्कळ असतात, माणसं कमी पडतात. जुने कपडे आणा."

"मित्रांना घेऊन येऊ, सर?"

"नको."

आणि हात पाठीमागे बांधून ते चालते झाले. मिरान मागे वळून काहीतरी खुणावत होती, पण काच मळकी होती.

फर्गसचा चेहरा लाल झाला. "बघितलंत? मी पदवीधर माणूस, आणि मला कोबी चिरायला बोलावतात! सगळ्यांदेखत! एवढं जेवण करून शेवटी मजूर ठरवला मला!"

मारिसोल आधी हसली आणि मग हसायची थांबली. "गाढवा, किमचीचं हे वर्षाचं लोणचं घालायला पाहुण्याला बोलवत नाहीत. घरच्यांना बोलवतात. मला इथं नऊ वर्षं झाली. मला अजून कुणी बोलावलेलं नाही."

"मलाही नाही," डग म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखरच दुःख होतं.

ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. तेव्हा फर्गस उठला, निळा पायजमा एका हातानं वर ओढत पुढे गेला, आणि सगळ्या गाडीसमोर खाली वाकून म्हणाला, "काका, ही गाडी देजॉनलाच जाते ना?"

"जाते, जाते," ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला. "तुमच्या सासऱ्यांनी बजावलंय मला. जावई आहे आमचा, म्हणाले, देजॉनशिवाय कुठे उतरू देऊ नका."

फर्गस तिथंच उभा राहिला. मागून कुणीतरी ओरडलं, खाली बसा. तो बसला नाही.

"माफ करा, काका," तो म्हणाला. "माझं कोरियन जरा कच्चं आहे. काय म्हणाले ते, पुन्हा एकदा सावकाश सांगाल का?"